महाविद्यालयीन वार्षिकांक व वाङ्मय मंडळ (नाशिक)

महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचे लेखन निवडून, संपादित करून वर्षातून एकदा छापला जाणारा अंक आणि त्या अंकाला लेखक, संपादक व मुद्रितशोधक (प्रुफे तपासणारे) पुरवणारा विद्यार्थ्यांचा गट. भित्तिपत्रक (भिंतीवरच्या फलकात लावायचा हाताने लिहिलेला अंक), हस्तलिखित, काव्यवाचन आणि आठवड्याची बैठक ही या गटाची नेहमीची कामे. अंकाचे मराठी, हिंदी, इंग्रजी, क्वचित संस्कृत असे विभाग असतात आणि शेवटी विविध समित्यांचे अहवाल येतात.

उगम : या प्रकाराच्या उगमाबद्दल दोन मते प्रचलित आहेत. पहिल्या मतानुसार त्याचे मूळ मुंबईच्या एल्फिन्स्टन या शिक्षणसंस्थेभोवतीच्या नियतकालिकांत सापडते. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० मध्ये ‘दिग्दर्शन’ हे मासिक काढले, तेव्हा विद्यार्थी हा त्याचा प्रमुख वाचक होता, लेखक मात्र नव्हता. १८४८ मध्ये एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी व अध्यापकांनी स्थापलेल्या सभेची मराठी शाखा म्हणजे उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा. तिचे ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक १८५० पासून १८६७ पर्यंत चालले. सभेत निबंध वाचायचा, त्यावर चर्चा व्हायची आणि मग तो छापायचा, ही पद्धत तेथे दिसते. दुसऱ्या मतानुसार वार्षिकांक हा वसतिगृहातील हस्तलिखितांचा वारस आहे. नाशिकजवळच्या भगूरचे वि. दा. सावरकर १९०२ मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. तेथे त्यांच्या गटाने ‘आर्यन वीकली’ हे हस्तलिखित साप्ताहिक चालवल्याचे चरित्रकार नोंदवतात. हस्तलिखिताची एकच प्रत खोल्याखोल्यांतून फिरत असे, त्यामुळे लेखक आणि वाचक एकमेकांना ओळखत. छापील वार्षिकांकाचा साचा (प्राचार्यांचे निवेदन, अहवाल, गुणवंतांची छायाचित्रे) संस्थेच्या वार्षिक अहवालातून आला असावा, तर त्यातील साहित्य हस्तलिखितातून. दोन्ही मतांना सामावून घेणारे हे स्पष्टीकरण अधिक सयुक्तिक वाटते. आजच्या अंकात साहित्य आणि अहवाल यांच्यात पानांवरून जी ओढाताण चालते, तिचाही उलगडा त्यातून होतो.

नाशिकमधील परंपरा : शहरात वाचनसंस्था महाविद्यालयाच्या बऱ्याच आधी आली. सार्वजनिक वाचनालय (सावाना) १८४० चे. गोखले एज्युकेशन सोसायटीचे हंसराज प्रागजी ठाकरसी (एचपीटी) महाविद्यालय १९२४ मध्ये सुरू झाले. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन होईपर्यंत ते मुंबई विद्यापीठाशी संलग्न होते. वि. वा. शिरवाडकर (कुसुमाग्रज) याच महाविद्यालयाचे विद्यार्थी. त्यांनी उभारलेल्या ध्रुव मंडळाची स्थापना सामान्यतः १९३३ च्या सुमारास मानतात. ‘जीवनलहरी’ हा त्यांचा पहिला कवितासंग्रह त्याच वर्षीचा. ध्रुव मंडळाला महाविद्यालयीन मंडळ म्हणावे का, याबद्दल मतभेद संभवतो. त्यातील तरुण विद्यार्थीदशेतले असले तरी मंडळ संस्थेच्या छत्राखाली नव्हते, म्हणून त्याला शहरातील लेखनमंडळ म्हणणे अधिक योग्य. पुढे नाटककार वसंत कानेटकर यांनी एचपीटीत दीर्घकाळ अध्यापन केले. मराठा विद्या प्रसारक समाजाच्या केटीएचएम महाविद्यालयामुळे निफाड, दिंडोरी, चांदवडकडील शेतकरी घरांतील मुले मोठ्या संख्येने शहरात शिकायला आली आणि अंकांतील विषय बदलले. कांद्याचा भाव, द्राक्षबागेची छाटणी, पाण्याची पाळी यांवरचे ललित लेखन आता अपवादात्मक राहिलेले नाही.

मराठीतील लघुनियतकालिकांची (व्यावसायिक नियतकालिकांबाहेर लेखकांनीच काढलेल्या छोट्या अंकांची) चळवळ १९५० च्या दशकाच्या मध्यापासून मुंबईत आकार घेऊ लागली. तिने महाविद्यालयांना सायक्लोस्टाइलचे (स्टेन्सिलवरून प्रती काढण्याचे) तंत्र दिले. फीत काढलेल्या टंकयंत्रावर मेणाच्या स्टेन्सिलवर मजकूर उमटवायचा, शीर्षके लोखंडी लेखणीने कोरायची आणि यंत्र हाताने फिरवायचे. देवनागरीत शिरोरेषेवर जोर जास्त पडला की स्टेन्सिल आडवे फाटे. म्हणून सराईत टंकलेखक शीर्षकाखाली एक ओळ कोरी सोडत. एका स्टेन्सिलवर काही शे प्रतींपलीकडे स्वच्छ छपाई निघत नसे.

भित्तिपत्रक : वाङ्मय मंडळाचे रोजचे काम येथे चालते. नेहमीच्या कार्डशीटचे माप २२ × २८ इंच. चार फूट रुंद व तीन फूट उंच काचफलकात अशी दोन कार्डशीट शेजारी शेजारी बसतात. हाताने लिहिलेला मजकूर उभ्याने, दोन-अडीच फुटांवरून वाचला जातो. त्यामुळे अक्षर किमान आठ मिलिमीटर उंच हवे आणि एका मजकुराचे शब्द दीडशे-दोनशेच्या वर जाऊ नयेत. पंधरा दिवसांत फलक बदलला नाही तर त्याकडे कोणी पाहत नाही. नाशिकच्या पावसाळ्यात उघड्या व्हरांड्यातील स्केचपेनची शाई ओघळते, तेव्हा जून ते सप्टेंबर बॉलपेन किंवा जलरोधक मार्कर वापरणे बरे. विषयांसाठी दिनविशेषांचा आधार घेतला जातो : १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, १४ ते २८ जानेवारीचा मराठी भाषा संवर्धन पंधरवडा आणि कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, २७ फेब्रुवारीला, येणारा मराठी भाषा गौरव दिन. केवळ दिनविशेषांवर चालणारे भित्तिपत्रक मात्र जयंती-पुण्यतिथीचा फलक होऊन बसते. मधल्या दोन अंकांना विद्यार्थ्यांनीच ठरवलेला विषय द्यावा (एसटी स्टँड, मेसचा डबा, पहिली नोकरी).

बैठक : आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, तासाभराची. आठ ते पंधरा जण हे सोयीचे संख्यामान. त्याहून जास्त झाले तर वाचन होते, चर्चा होत नाही. ज्याचे लेखन वाचायचे त्याने आदल्या दिवशी प्रती द्याव्यात. वाचताना लेखकाने प्रस्तावना करू नये आणि चर्चा संपेपर्यंत उत्तरही देऊ नये. ‘छान आहे’ हा अभिप्राय धरू नये. कोणती ओळ लक्षात राहिली आणि कुठे वाचणे थांबले, एवढे दोनच प्रश्न विचारले तरी पुरते. बैठक कोलमडते ती बहुधा पहिल्या सत्राच्या परीक्षेनंतर. त्या काळात वाचनाऐवजी मुद्रितशोधनाचे काम दिले की गट टिकतो. ग्रामीण भागातून एसटीने ये-जा करणाऱ्यांना संध्याकाळची वेळ जमत नाही, म्हणून दुपारची सुट्टीच बरी.

अंकाचे वेळापत्रक : जुलैमध्ये संपादक मंडळ, ऑगस्टमध्ये आवाहन, ऑक्टोबरअखेर मजकूर स्वीकारणे बंद, दिवाळीच्या सुट्टीत निवड, डिसेंबर-जानेवारीत अक्षरजुळणी व मुद्रिते (प्रुफे), फेब्रुवारीत छपाई आणि स्नेहसंमेलनात किंवा पारितोषिक वितरणात प्रकाशन. प्रत्यक्षात आवाहनाची सूचना फलकावर लागते आणि मजकूर येतो तो जानेवारीत, तोही बहुतांशी कविता. वर्षभर भित्तिपत्रक चालवणाऱ्या मंडळाला ही अडचण कमी येते, कारण निम्मा मजकूर आधीच वाचून, दुरुस्त होऊन तयार असतो. आवाहनावरच विसंबणारा अंक शेवटी अहवालांनी भरावा लागतो.

निवडीसाठी प्रत्येक लेखनावरील नाव झाकून त्याला क्रमांक द्यावा व दोघांनी ते स्वतंत्रपणे वाचावे. मतभेद असलेलेच मजकूर तिसऱ्याकडे जातात. नाकारलेल्या प्रत्येक लेखनावर दोन ओळींचा अभिप्राय परत दिला नाही, तर तो विद्यार्थी पुढच्या वर्षी फिरकत नाही. मोबाइलवर फिरणाऱ्या कविता स्वतःच्या नावावर देण्याचे प्रकार होतात. पहिली ओळ इंटरनेटवर शोधून उपयोग नसतो, कारण तीच बदललेली असते. मधल्या कडव्यातील सलग पाच-सहा शब्द अवतरणचिन्हांत घालून शोधावेत.

भाषासंपादन : शुद्धलेखनासाठी मराठी साहित्य महामंडळाचे नियम पाळले जातात (१९६२ चे चौदा, १९७२ मध्ये चार जोडून एकूण अठरा). अडचण बोलींची आहे. मालेगाव, सटाणा, कळवण भागातील विद्यार्थी अहिराणीत, तर पेठ-सुरगाण्यातील काही जण कोकणा बोलीत संवाद लिहितात. ‘मी करस’ हे अहिराणी वाक्य मुद्रितशोधक सवयीने ‘मी करतो’ असे करून टाकतो. मग एकाच पात्राच्या तोंडी अर्धे वाक्य अहिराणी आणि अर्धे पाठ्यपुस्तकी येते. निवेदन प्रमाण भाषेत असले तरी संवाद हात न लावता ठेवावेत आणि मूळ प्रतीवर ‘बोली, बदलू नये’ असा शेरा लाल शाईने मारावा. त्या भागातील एका विद्यार्थ्याकडून ते पान वाचून घेतले म्हणजे झाले.

अक्षरजुळणी व मुद्रिते : विद्यार्थी मोबाइलवर युनिकोडमध्ये (सर्व संगणकांवर चालणाऱ्या अक्षरसंकेतांत) लिहितात, संगणकावर अक्षरजुळणी करणारे डीटीपीवाले मात्र अजूनही बरेचदा श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये जुळणी करतात. रूपांतर करताना रफार, वेलांट्या आणि विशेषतः ‘ऱ्य’ बिघडतो. सह्याद्रीवरच्या कवितेतील ‘दऱ्या’ छापून येतात ‘दर्या’ म्हणून, आणि डोंगरात समुद्र शिरतो. रूपांतरानंतर ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’, ‘र्य’ हे तिन्ही शोधून एकेक तपासावेत. युनिकोडमध्येच पाने लावायची असतील तर मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांचा कंपोझर (अक्षरे नीट जोडणारी सोय) सुरू आहे ना, हे आधी पाहावे. नाही तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. शासनाने २००९ मध्ये वर्णमालेतील ‘ल’ व ‘श’ यांची मराठी वळणे निश्चित केली, पण पुष्कळ फॉन्टमध्ये मूळची हिंदी वळणेच येतात.

मुद्रिते तीन. पहिले मूळ प्रतीशी दोघांनी ताडून वाचायचे, एकाने मोठ्याने व दुसऱ्याने पेन घेऊन. दुसऱ्यात फक्त सांगितलेल्या दुरुस्त्या झाल्या का आणि त्या करताना शेजारची ओळ बिघडली का, एवढेच पाहायचे. तिसरे पानांचे : पृष्ठांक, अनुक्रमणिका, छायाचित्रांखालील नावे. अंकाबद्दलच्या तक्रारींत छायाचित्रांखालच्या नावांचाच वाटा मोठा. ती नावे हजेरीपटावरून घ्यावीत, तोंडी सांगितलेली घेऊ नयेत. छायाचित्रे व्हॉट्सॲपवर साधी पाठवली तर आकुंचन पावतात, म्हणून ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावीत. छपाईच्या मापात त्यांची घनता ३०० डीपीआय (दर इंचाला ठिपके) हवी. रंगीत पानावरील मजकूर फक्त काळ्या शाईचा ठेवावा. चार रंगांतून बनवलेला काळा जरासा सरकला की बारीक अक्षरांना रंगीत कडा येतात.

कागद व छपाई : वार्षिकांकासाठी क्राऊन आकार रूढ आहे. २० × ३० इंच डबल क्राऊन कागदाची तीनदा घडी घातली की आठ पाने, म्हणजे सोळा पृष्ठे पडतात. हा एक फॉर्म. ९६ पृष्ठांचे सहा फॉर्म होतात. एक हजार प्रतींना सहा हजार कागद, म्हणजे ५०० कागदांची बारा रिमे लागतात, आणि वाया जाणाऱ्यासाठी अर्धे रीम अधिक धरावे. ७० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ७० ग्रॅम) मॅपलिथो या साध्या छपाईच्या कागदाचे असे एक रीम सुमारे साडेतेरा किलो भरते. एक फॉर्म सोळा पृष्ठांचा, म्हणून पृष्ठसंख्या सोळाच्या, निदान आठच्या पटीत बसवावी. छपाईच्या आदल्या आठवड्यात एखाद्या समितीचा अहवाल आला आणि पृष्ठे ९८ झाली, तर दोन पृष्ठांसाठी वेगळी प्लेट व यंत्रावर वेगळी चढावणी लागते. तेव्हा कापली जाते ती कथा. अहवालाला हात लागत नाही. डमी (पानांची कच्ची मांडणी) करतानाच दोन पृष्ठे कोरी राखली तर हा प्रसंग टळतो.

मुखपृष्ठाला २५० ते ३०० जीएसएमचे आर्ट कार्ड लागते. ६४ पृष्ठांपर्यंत मध्ये पिना मारून चालते, पुढे पाठीला गोंद लावून बांधणी करतात. ९६ पृष्ठांच्या अंकाची पाठ जेमतेम साडेचार मिलिमीटर असते. तिच्यावर नाव छापू नये, कापणीत ते मुखपृष्ठावर सरकते. नाशिकरोडला चलनी नोटा छापल्या जातात. महाविद्यालयांची कामे मात्र शहरातील लहान ऑफसेटवाल्यांकडेच होतात आणि फेब्रुवारीत लग्नपत्रिकांशी त्यांची स्पर्धा असते. दरपत्रके नोव्हेंबरातच मागवावीत व त्यांत कागदाचे जीएसएम, फॉर्मची संख्या, रंगीत पृष्ठे व बांधणी वेगवेगळी लिहून घ्यावीत.

अनेक अंकांच्या शेवटी मालकी व प्रकाशनाची माहिती देणारा ‘फॉर्म ४’ छापलेला आढळतो. १९५६ च्या वृत्तपत्र नोंदणी नियमांनुसार ही अट नोंदणीकृत वृत्तपत्रांना होती. ‘खाजगी वितरणासाठी’ असे छापणाऱ्या वार्षिकांकांत ती बहुधा जुना अंक समोर ठेवून उतरवली जाते. त्या नियमांमागच्या १८६७ च्या प्रेस व पुस्तक नोंदणी कायद्याची जागा आता प्रेस व नियतकालिक नोंदणी अधिनियम, २०२३ याने घेतली असून तो १ मार्च २०२४ पासून लागू आहे. तेव्हा जुना मजकूर तसाच छापण्याआधी तपासून घ्यावा.

ई-अंक : २०२० च्या टाळेबंदीपासून काही महाविद्यालये केवळ पीडीएफ काढतात. पृष्ठमर्यादा नसल्याने निवड सैल होते. फॉन्ट फाइलमध्ये अंतर्भूत केले नाहीत तर दुसऱ्या संगणकावर मजकुराच्या जागी चौकोन दिसतात. जुन्या फॉन्टमधील पीडीएफ वाचता येते, पण तीत शब्द शोधता येत नाही. म्हणून अंतिम मजकुराची युनिकोड प्रत निराळी ठेवावी, आणि छापील अंक असल्यास दोन प्रती महाविद्यालयाच्या ग्रंथालयात दाखलनोंद करून ठेवाव्यात.