सिव्हिलची डिग्री म्हणजे नकाशावर सहीचा परवाना नव्हे

"पोरगा सिव्हिल इंजिनिअर झाला, आता नकाशा घरच्या घरीच पास!" नागपुरात मानेवाड्यापासून जरीपटक्यापर्यंत हे वाक्य हमखास ऐकू येतं. ते चूक आहे. डिग्री व्हीएनआयटीची असली, तरी मंजुरीला जाणाऱ्या नकाशावर सही करायला इंजिनिअरला नियोजन प्राधिकरणाचा, म्हणजे शहरात महापालिकेसारख्या संस्थेचा, परवाना लागतो. राज्याच्या २०२० च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीच्या परिशिष्टात इंजिनिअर, स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि सुपरवायझर यांच्या पात्रता वेगवेगळ्या दिल्या आहेत. स्ट्रक्चरलवाल्याला डिझाइनचा अनुभवही दाखवावा लागतो. परवाना मुदतीचाच, नूतनीकरण आलंच.

आर्किटेक्टचं गणित वेगळं. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याखाली 'कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर'कडे नोंदणी असली की महापालिकेचा वेगळा परवाना लागत नाही. मात्र नुसतं बी.आर्क. होऊन भागत नाही. नकाशाच्या कोपऱ्यातला शिक्का बघा: 'सीए', मग वर्ष, मग क्रमांक. ॲडव्हान्स देण्याआधी तो क्रमांक मागायला लाजू नका.

आता एक नवीन पळवाट. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की याच वास्तुविशारद कायद्याचं कलम ३७ 'आर्किटेक्ट' ही उपाधी राखतं, ते काम इतरांना बंद करत नाही. झालं, काहींनी अर्थ लावला की आता कुणीही सही मारावी! उपाधीवरच्या त्या निकालाने महापालिकेच्या परवान्याची अट उडत नाही. अशा सहीवर फाइल अडकते, आणि हेलपाटे प्लॉटमालकाच्या वाट्याला येतात.