ताप नाही, म्हणजे न्यूमोनिया नाही?

परळमध्ये जुनी चाळ पाडायला घेतली की धुळीबरोबर ॲस्परजिलस या बुरशीचे बीजाणूही उडतात. येणारेजाणारे सगळेच ते श्वासावाटे आत घेतात. फुप्फुसांतल्या पेशी ते गिळून टाकतात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. त्याच गल्लीतून जाणाऱ्या, किडनी बदललेल्या माणसाच्या मात्र ही बुरशी जिवावर उठू शकते. अशा आजारांना संधिसाधू संसर्ग म्हणतात.

जंतूंना ही संधी औषधांमुळे मिळते, आणि ती औषधं टाळता येत नाहीत. शरीराला नवी किडनी परकीच वाटते. म्हणून टॅक्रोलिमस हे औषध परक्यावर धावून जाणाऱ्या टी-पेशींना जागं करणारा इशारा अडवतं, मायकोफिनोलेट त्यांची संख्या वाढू देत नाही, स्टिरॉइड दाह शमवतं. पण किडनीवर धावून जाणाऱ्या पेशी तेवढ्या झोपवायच्या आणि फुप्फुसं राखणाऱ्या जाग्या ठेवायच्या, हे या गोळ्यांना जमत नाही. ऑपरेशननंतरचा पहिला ते सहावा महिना म्हणूनच फार जपायचा.

मला सर्वात जास्त धास्ती वाटते न्यूमोसिस्टिसची. ही बुरशी वायुकोशांमध्ये, म्हणजे फुप्फुसांतल्या हवेच्या बारीक पिशव्यांमध्ये, साचत जाते आणि न्यूमोनिया होतो. खोकला कोरडा असतो. स्टिरॉइडमुळे ताप बारीक राहतो, कधी येतही नाही. सुरुवातीचा एक्स-रे स्वच्छ निघू शकतो. बसल्याजागी ठीक असलेला ऑक्सिजन दादरचा पूल चढताना घसरतो, तेव्हा कुठे शंका येते. कोविडच्या वेळी घेतलेला ऑक्सिमीटर अशा घरात हाताशी हवाच! नेमका जंतू ओळखायला बऱ्याचदा सीटी स्कॅन आणि दुर्बिणीतून फुप्फुस धुऊन काढलेलं पाणी तपासावं लागतं. हा आजार टाळणारी कोट्रायमोक्साझोल ही गोळी जुनी आणि स्वस्त आहे. ती साधारण ६ ते १२ महिने देतात. ‘एवढ्या गोळ्या कशाला’ म्हणून लोक नेमकी हीच सोडतात, याचं फार वाईट वाटतं.

आपल्याकडे टीबीही आहेच. त्यावरचं रिफाम्पिसिन यकृतातली औषधं मोडणारी विकरं (एन्झाइम्स) वाढवतं, टॅक्रोलिमसची रक्तातली लेव्हल कोसळते आणि शरीर किडनी नाकारू शकतं. बुरशीवरचं व्होरिकोनॅझोल याच्या उलट वागतं: लेव्हल इतकी चढते की टॅक्रोलिमसच किडनीला इजा करतं. खोकल्यासाठी नाक्यावरच्या दवाखान्यात सहज लिहून मिळणारं क्लॅरिथ्रोमायसिनसुद्धा लेव्हल अशीच चढवतं. तिथल्या डॉक्टरांना आधी सांगायचं ते खोकल्याबद्दल नाही, तर किडनी बदललेली आहे हे.