गोळीला वारा ढकलत नाही

रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवलेली, पुढे भक्कम टेबल, नेमबाज स्टुलावर बसलेला आणि शंभर यार्डांवर एक स्थिर कागद. बेंचरेस्ट नेमबाजी पहिल्यांदा पाहणारा हमखास विचारतो, ‘मग यात माणसाने करायचं काय? सगळं बंदूकच करते की!’ प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र रायफलीत सापडत नाही, ते रायफल आणि कागद यांच्यामधल्या हवेत आहे. आणि त्या हवेबद्दल भल्याभल्या नेमबाजांच्या मनातही एक चुकीची समजूत पक्की बसलेली असते: वारा गोळीला बाजूला ढकलतो.

आधी खेळ समजून घेऊ. यात कागदाच्या मध्यावर मारल्याबद्दल गुण नाहीत. (गुणांवर चालणारा प्रकारही आहे, पण मूळ खेळ तो नव्हे.) पाच गोळ्या एकमेकींच्या किती जवळ लागल्या, एवढेच मोजतात. सर्वांत दूरच्या दोन छिद्रांच्या केंद्रांमधले अंतर म्हणजे ‘ग्रुप’. असे पाच ग्रुप मारायचे. ज्याची सरासरी सर्वांत लहान, तो पहिला. अंतर 100 किंवा 200 यार्ड. नोंदीच्या पाच गोळ्यांसाठी साधारणपणे सात मिनिटे मिळतात आणि तेवढ्या वेळात शेजारच्या चाचणीच्या चौकटीत, म्हणजे सायटरवर, हव्या तितक्या गोळ्या मारायची मुभा असते. रायफलींचे वजनानुसार वर्ग आहेत: ‘लाइट व्हार्मिंट’साठी कमाल साडेदहा पौंड, ‘हेवी व्हार्मिंट’साठी साडेतेरा. अमेरिकेत या खेळाची घडी दुसऱ्या महायुद्धानंतर बसली. तिथली नॅशनल बेंचरेस्ट शूटर्स असोसिएशन 1951 सालची. आता पाचही गोळ्या एकाच फाटक्या भोकातून गेल्या, तर त्या पाचच होत्या हे ओळखायचे कसे? त्यासाठी लक्ष्याच्या मागे हळूहळू सरकणारी कागदाची पट्टी लावतात. तिच्यावर छिद्रे वेगवेगळी उमटतात.

रायफलीच्या चुका कमी करण्यात या मंडळींनी दशके घालवली आहेत. 1970च्या दशकात लू पाल्मिसानो या शल्यविशारदाने आणि फेरिस पिंडेल या यंत्रकारागिराने ‘6 पीपीसी’ हे आखूड, जाडसर काडतूस तयार केले आणि त्याने थोड्याच वर्षांत हा खेळ काबीज केला. ट्रिगर दाबायला लागणारा जोर जेमतेम दोन औंसांचा, म्हणजे 57 ग्रॅमचा. गोळ्या अनेकदा एकेक करून हाताने घडवलेल्या. हे खूळ वाटेल, पण हिशेब करून पाहा. अशी गोळी सेकंदाला सुमारे 1000 मीटर वेगाने निघते आणि नळीतल्या आट्यांमुळे, म्हणजे आतल्या पिळदार खाचांमुळे, सेकंदाला सुमारे 2800 फेरे घेते. तिचा गुरुत्वमध्य अक्षापासून एका मिलिमीटरच्या फक्त हजाराव्या भागाने सरकलेला असेल, तरी नळीबाहेर पडताना तिला आडवा झटका बसतो आणि शंभर यार्डांवर ती 1.7 मिलिमीटर भरकटते. असंतुलित गोळी भरकटते हे डॉ. फ्रँकलिन मान यांनी शंभरएक वर्षांपूर्वीच शेकडो प्रयोग करून दाखवले होते. तेही पेशाने डॉक्टर. या खेळाचे आणि डॉक्टरांचे काहीतरी जमते खरे!

हे सगळे साधल्यावर उरतो वारा.

आता समजुतीकडे वळू. शंभर यार्ड म्हणजे 91.4 मीटर. गोळीला तिथे पोहोचायला सुमारे 96.5 मिलिसेकंद लागतात. सेकंदाला एक मीटर वेगाचा, म्हणजे गालाला जेमतेम जाणवेल एवढा, आडवा वारा आहे असे धरा. वाऱ्याने गोळीला पाण्यावरच्या ओंडक्यासारखे सोबत नेले असते, तर ती 96 मिलिमीटर सरकली असती. प्रत्यक्षात ती सरकते सुमारे पाच मिलिमीटर. मग वाऱ्याने बाजूने ढकलले, पण थोडेसेच ढकलले, असे म्हणायचे का? नाही. यंत्रणाच वेगळी आहे, आणि मला विचाराल तर बेंचरेस्टमधली सर्वांत देखणी गोष्ट हीच.

गोळी हवेत भोवऱ्यासारखी फिरत तोल सांभाळते आणि आपले नाक समोरून येणाऱ्या हवेकडे वळवते. बाजूने वारा असेल, तर गोळीला ‘समोरून’ येणारी हवा किंचित तिरकी भासते. एक मीटर वारा आणि हजार मीटरचा वेग, म्हणजे तिरकेपणा एक हजारांश. तेवढ्याने गोळीचे नाक वाऱ्याच्या दिशेकडे वळते. वारा उजवीकडून असेल तर नाक उजवीकडे, आणि तरीही गोळी जाते डावीकडे! कारण हवेचा रोध आता त्या तिरक्या रेषेत मागे खेचतो, आणि त्या ओढीचा एक हजारांश हिस्सा डावीकडे पडतो.

हा रोध मामुली नसतो. त्यामुळे गोळीचा वेग इतक्या झपाट्याने उतरतो की ते मंदन गुरुत्वीय त्वरणाच्या शंभर पटींहून अधिक भरते. त्याचा हजारावा भाग म्हणजे सेकंदाला सेकंदाला साधारण 1.1 मीटर. शाळेतले सूत्र वापरा, निम्मे त्वरण गुणिले वेळेचा वर्ग: उत्तर येते सुमारे पाच मिलिमीटर.

तेच उत्तर दुसऱ्या वाटेनेही मिळते. वाऱ्यासोबत तरंगणाऱ्या फुग्यात बसा. तुमच्यासाठी वारा थांबलेला आहे. तिथून पाहिले तर नेमबाज, रायफल आणि लक्ष्य सगळेच वाऱ्याविरुद्ध बाजूला सरकत आहेत आणि गोळी शांत हवेत किंचित तिरकी सुटली आहे. शांत हवेत रोध सरळ मागेच खेचतो, म्हणून वरून पाहता गोळीचा मार्ग सरळ रेषा राहतो. त्या रेषेवर ती लक्ष्याच्या अंतरापर्यंत जाताना बाजूला किती जाते? वाऱ्याचा वेग गुणिले तो वेळ, जो वेग मुळीच न घटता तर लागला असता: 91.4 मिलिसेकंद. लक्ष्य मात्र प्रत्यक्ष वेळेत, 96.5 मिलिसेकंदांत, सरकत राहिलेले असते. फरक 5.1 मिलिसेकंदांचा. त्याला वाऱ्याच्या वेगाने गुणा की विचलन मिळाले. फ्रेंच तोफखान्यातले गणिती इझिदोर दिदियाँ यांचे 19व्या शतकातले हे सूत्र आजही तसेच चालते.

म्हणजे उड्डाणाला किती वेळ लागला याला महत्त्व नाही. रोधामुळे किती उशीर झाला, त्याला आहे. रोधच नसेल तर वाऱ्याचा परिणाम शून्य. यातून एक चमत्कारिक वाटणारा निष्कर्ष निघतो. पॉइंट टू-टू बोअरची, म्हणजे 0.22 इंची नळीची, ‘हाय व्हेलॉसिटी’ गोळी ध्वनीपेक्षा वेगाने निघते आणि लवकर पोहोचते, तरी वाऱ्यात संथ गोळीपेक्षा जास्त ढळते! कारण ध्वनीच्या वेगाच्या आसपास रोध एकदम वाढतो आणि उशीर जास्त होतो. टू-टू बोअरच्या स्पर्धांसाठीची काडतुसे मुद्दाम ध्वनीपेक्षा कमी वेगाची असतात, त्याचे हे एक मोठे कारण. ‘वेग जास्त तेवढा वारा कमी’ असे खोक्यावर छापले असेल, तर ते वाचून सोडून द्यावे.

दुसरा निष्कर्ष झेंड्यांचा. नेमबाज मैदानात टेबलापासून लक्ष्यापर्यंत आपापले वारादर्शक झेंडे रोवतात. यातला कोणता झेंडा जास्त महत्त्वाचा? लांबचा, असे अनेकांना वाटते, कारण तिथे गोळी मंद झालेली असते. पण वाटेत कुठेही मिळालेला आडवा वेग पुढच्या सगळ्या अंतरभर सोबत राहतो. सुरुवातीला मिळालेला कोन 90 मीटर वाढत जातो, शेवटी मिळालेला पाच-दहा मीटर. एकसारखा रोध धरला तर पहिल्या अर्ध्या अंतरातला वारा तीन चतुर्थांश विचलन घडवतो आणि उरलेला अर्धा फक्त एक चतुर्थांश. आणि अंतर दुप्पट केले की विचलन चौपटीहून थोडे अधिक होते. 200 यार्डांचे सामने त्यामुळेच घाम काढतात.

जरा अवघड भाग अजून शिल्लक आहे. गोळी फिरती असल्याने भोवऱ्यासारखी वागते. तिचे नाक वाऱ्याकडे वळवायला गेले की ते आधी काटकोनात, म्हणजे वर किंवा खाली, झुकते. नळीबाहेर पडताच होणाऱ्या या हालचालीत गोळीला उभा धक्का मिळतो. उजव्या पिळाच्या नळीतून उजवीकडून येणाऱ्या वाऱ्यात छिद्र डावीकडे आणि किंचित वर पडते, डावीकडून येणाऱ्या वाऱ्यात उजवीकडे आणि किंचित खाली. म्हणून वारा उलटसुलट फिरला की कागदावरचा ग्रुप आडवा न पसरता घड्याळातल्या दहापासून चारकडे तिरका पसरतो. आडव्या वाऱ्यातही उभी दुरुस्ती करावी लागते, ती यामुळे.

थोडे मिरवण्याबद्दल. एकमेकींना चिकटलेल्या तीन छिद्रांचा फोटो टाकून ‘माझी रायफल रोज असेच मारते’ म्हणणारे पुष्कळ. तीन गोळ्यांचा सरासरी ग्रुप त्याच रायफलीच्या पाच गोळ्यांच्या ग्रुपपेक्षा साधारण पाचव्या भागाने लहान येतोच. हे निव्वळ संख्याशास्त्र, त्यात कसब नाही. शिवाय दहांतला सर्वांत चांगला कागद जपून ठेवायचा म्हटले की कुणीही विक्रमवीर. मॅक मॅकमिलन यांनी 1973 मध्ये 100 यार्डांवर 0.009 इंचाचा ग्रुप मारला आणि तो विक्रम चाळीस वर्षे टिकला. असा ग्रुप उत्तम रायफलीशिवाय येत नाही, पण नशिबाशिवायही येत नाही. सामने सरासरीवर ठरवण्याची पद्धत त्यासाठीच आहे. ठरावीक टोपी घातली की ग्रुप लहान येतो, असे मानणाऱ्यांनी टोपीसह पाच आणि टोपीविना पाच ग्रुप मारून पाहावेत; अर्थात आधीच ठरवून, आणि एकही कागद न लपवता.

विजेत्याची सरासरी चांगल्या हवामानात पाव इंचाच्या, म्हणजे सुमारे सहा मिलिमीटरच्या, आत असते. सेकंदाला एक मीटरचा बदल न ओळखता ट्रिगर दाबला की पाच मिलिमीटर गेले. तेव्हा टेबलाशी बसलेला माणूस काय करतो? कुणी झेंडे एका ठरावीक अवस्थेत येण्याची वाट पाहतो आणि ती आली की पाचही गोळ्या पंधरा-वीस सेकंदांत संपवतो, वारा बदलायच्या आत. कुणी सायटरवर गोळ्या मारून तीन-चार अवस्थांचे विचलन आधी मोजून ठेवतो आणि प्रत्येक गोळीला तेवढा नेम सरकवतो. पहिली रीत स्थिर वाऱ्यात बिनतोड आहे. झुळका आलटूनपालटून येत असतील तेव्हा दुसरीला पर्याय नाही, आणि मला तीच पाहायला आवडते. तीन गोळ्या लागलेल्या असतात, टेबलाजवळचा झेंडा अचानक उलटा फिरतो, आणि नेमबाज नोंदीच्या चौकटीवरून रायफल हलवून पुन्हा सायटरवर आणतो, घड्याळात दीडच मिनिट उरलेले असतानाही.