अठरा हजार प्लेटलेटचा रिपोर्ट

सप्टेंबर महिना, डेंग्यूची साथ जोरात. बाविशीतली एक मुलगी वडिलांबरोबर आमच्या पॅथॉलॉजी विभागात आली. हातात बाहेरच्या एका लॅबचा रिपोर्ट होता, आणि प्लेटलेटच्या ओळीत ठळक अक्षरांत छापलं होतं : १८,०००. नॉर्मल १.५ लाख ते ४.५ लाख. मुलीला ताप नव्हता, अंगावर एक लाल ठिपका नव्हता, दात घासताना रक्त येत नव्हतं. नोकरीसाठी तपासणी करून घेतली, त्यात हे निघालं. वडिलांनी रात्रभर ब्लड बँकांना फोन केले होते. मी म्हटलं, "आधी स्लाइड बघू या." ते म्हणाले, "डॉक्टर, लॅबवाल्यांनी मशीनवर दोनदा लावून बघितलं. दोन्ही वेळा तेवढंच आलं. दोनदा कसं चुकेल?"

प्रश्न रास्त आहे. पण त्याच नळीतलं रक्त त्याच मशीनला पुन्हा पाजलं, तर आकडा तोच येणार. नळीतच काही बिघडलं असेल तर मशीन तो बिघाड दोनदा इमानदारीनं मोजेल. रक्तशास्त्र शिकायला येणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांबरोबर मी सुरुवातीचे कितीतरी तास याच एका गोष्टीवर घालवते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. त्यासाठी मशीन मोजतं म्हणजे काय करतं, ते आधी पाहावं लागेल.

रक्ताचा एक मायक्रोलिटर म्हणजे एक मिलिमीटर लांब, रुंद आणि उंच एवढा ठोकळा. त्यात साधारण ५० लाख तांबड्या पेशी, काही हजार पांढऱ्या पेशी आणि दोन-तीन लाख प्लेटलेट असतात. एकेकाळी हे सगळं रेघा आखलेल्या काचेवर, सूक्ष्मदर्शकाखाली, डोळ्यांनी मोजत. मग शिकागोत वॉलेस कूल्टर नावाच्या माणसाला एक कल्पना सुचली. तिचं पेटंट त्याला १९५३ साली मिळालं, आणि जगातली बहुतेक हिमोग्राम (रक्तपेशींची मोजणी) करणारी यंत्रं आजही तिच्याच पायावर चालतात. ही कल्पना मला इतकी आवडते की दर वर्षी फळ्यावर तिची आकृती काढताना मला नव्यानं आनंद होतो.

मिठाच्या पाण्याचे दोन भाग घ्या, मध्ये पडदा, आणि पडद्याला केसाच्या जाडीएवढं एक छिद्र. दोन्ही बाजूंना एकेक विद्युतअग्र ठेवून प्रवाह सोडा. मिठाच्या पाण्यातून वीज वाहते, आणि पलीकडे जायला तिला हे छिद्र एवढीच वाट आहे. आता पाण्यात खूप पातळ केलेलं रक्त मिसळा आणि ते छिद्रातून ओढा. पेशीच्या पटलातून वीज सहजासहजी जात नाही. म्हणून पेशी छिद्रात शिरली की ती स्वतःच्या आकारमानाएवढं मिठाचं पाणी बाजूला सारते आणि तेवढ्यापुरता विजेचा रोध वाढतो. पेशी बाहेर पडली की रोध पूर्ववत. प्रत्येक पेशीमागे एक ठोका. ठोके मोजले की पेशींची संख्या मिळते, आणि ठोक्याची उंची पेशीच्या आकारमानाच्या प्रमाणात असल्यामुळे ती पेशी केवढी होती हेही त्याच क्षणी कळतं. कूल्टरनं सुरुवातीचे प्रयोग सिगारेटच्या पाकिटावरच्या पातळ पारदर्शक कागदाला गरम सुईनं भोक पाडून केले होते, असं सांगतात.

पण यात मशीन पेशी बघत नाही. त्याला ठोका कळतो. तांबडी पेशी साधारण ९० फेम्टोलिटरची, प्लेटलेट १० फेम्टोलिटरच्या आसपास. (एक फेम्टोलिटर म्हणजे मायक्रोलिटरचा अब्जावा भाग.) दोघीही एकाच छिद्रातून जातात. म्हणून मशीनला नियम घालून दिलेला असतो : ढोबळमानानं २ ते २० फेम्टोलिटरच्या मधला ठोका आला की प्लेटलेट, त्याहून मोठा आला की तांबडी पेशी. नव्या यंत्रांत लेझर आणि चमकणारे रंगही वापरतात, त्यानं चुका पुष्कळ कमी होतात. पण गल्लीबोळातल्या लॅबमध्ये अजून राज्य आहे ते ठोक्याच्या उंचीचं.

आता हा नियम कुठे फसेल याचा विचार करा. भाजलेल्या रुग्णाच्या रक्तात तांबड्या पेशींचे तुकडे फिरत असतात. ते २० फेम्टोलिटरच्या खाली आले की प्लेटलेट म्हणून मोजले जातात आणि आकडा खोटा वाढतो. याउलट काही माणसांच्या प्लेटलेट जन्मजातच मोठ्या असतात. बंगाल आणि ईशान्येकडच्या भागात अशी ठणठणीत माणसं बरीच आढळतात. त्यांच्या मोठ्या प्लेटलेट तांबड्यांत जमा होतात आणि आकडा खोटा कमी येतो.

आमच्या या मुलीचं दुखणं मात्र नळीतलं होतं. हिमोग्रामसाठी रक्त जांभळ्या टोपणाच्या नळीत घेतात. तिच्या आतल्या भिंतीला ईडीटीए नावाचं रसायन लावलेलं असतं. रक्त गोठायला कॅल्शियम लागतं. ईडीटीए ते कॅल्शियम घट्ट पकडून ठेवतं, म्हणून रक्त पातळ राहतं. इथवर ठीक. पण प्लेटलेटच्या पृष्ठभागावर ग्लायकोप्रोटीन २बी आणि ३ए या दोन प्रथिनांची जोडी असते. जखम झाली की फायब्रिनोजेन या रक्तातल्या प्रथिनाला धरून प्लेटलेट एकमेकींना चिकटतात, ते याच जोडीच्या जोरावर. ही जोडी एकत्र राहते तीसुद्धा कॅल्शियममुळे. ईडीटीएनं कॅल्शियम ओढून घेतलं की जोडी सैल होते, तिची घडी बदलते आणि एरवी आत दडलेला भाग उघडा पडतो. काही लोकांच्या रक्तात नेमका तो दडलेला भाग ओळखणारी प्रतिपिंडं (अँटीबॉडी) असतात. शरीरात कॅल्शियम भरपूर, त्यामुळे तो भाग कधी उघडा पडत नाही, आणि ही प्रतिपिंडं जन्मभर निरुपद्रवी फिरत राहतात. नळीत मात्र त्यांना त्यांचं लक्ष्य दिसतं. एकेक प्रतिपिंड दोन-दोन, चार-चार प्लेटलेटना पकडतं आणि गुठळ्या बनतात. थंडाव्यात हे जास्त होतं, आणि वेळ जाईल तसं वाढत जातं. घरी येऊन सकाळी सातला घेतलेलं रक्त गावभर फिरून अकराला मशीनवर लागलं, तर मधल्या चार तासांत आकडा उतरतच राहतो.

वीस प्लेटलेटची गुठळी छिद्रातून गेली की एकच मोठा ठोका येतो. तो प्लेटलेटच्या खात्यात बसत नाही. वीस प्लेटलेट गेल्या, नोंद शून्य. शिवाय पांढऱ्या पेशी मोजताना तांबड्या पेशी आधी विरघळवून टाकतात आणि जे मोठं उरेल ते पांढरी पेशी धरतात. त्यात या गुठळ्याही मोजल्या जातात. मुलीच्या रिपोर्टात पांढऱ्या पेशी १३,२०० होत्या. प्लेटलेट एकदम कमी, पांढऱ्या पेशी जास्त, आणि माणूस मात्र ठणठणीत, हे तीन एकत्र दिसले की माझा हात आधी काचेकडे जातो. याचं नाव छद्म-प्लेटलेट-न्यूनता, आणि हजार नमुन्यांमागे साधारण एखाद्यात ती सापडते. सुई नीट न लागल्यामुळे किंवा नळी आठ-दहा वेळा हळूच उलटी-सुलटी न केल्यामुळेही गुठळ्या होतात, तो निष्काळजीपणाचा भाग वेगळा.

आमच्या एका विद्यार्थिनीनं नळीतला थेंब काचेवर ओढला, वाळवला, लेशमनचा रंग चढवला. नवखे विद्यार्थी सरळ स्लाइडच्या मधल्या भागात घुसतात, कारण पेशी तिथे सुट्या आणि सुंदर दिसतात. गुठळ्या जड, त्या ओढत ओढत शेपटाकडे, म्हणजे थेंबाचा थर जिथे विरळ होत संपतो तिकडे, जातात. म्हणून शेपूट आधी. तिनं भिंग शेपटावर आणलं आणि "मॅडम!" एवढंच म्हणाली. जांभळट, दाणेदार पुंजके. उपम्यात रव्याच्या गुठळ्या राहाव्यात तसे, एकेकात तीस-चाळीस प्लेटलेट. वडिलांनाही मी भिंगातून दाखवलं. ते बराच वेळ डोळा लावून बसले होते.

ही स्लाइड बघायला पाच मिनिटं लागतात. माझी तक्रार आहे ती इथे. कित्येक ठिकाणी लाखाच्या आतला आकडासुद्धा काच न बघता छापून घरी जातो, आणि साथीच्या दिवसांत त्या आकड्यावर माणसं धावत सुटतात.

डेंग्यूत प्लेटलेट खरोखरच कमी होतात, याबद्दल वाद नाही. पण ताप उतरल्यावर दोन-तीन दिवसांत त्या बहुतेकांच्या आपोआप वाढू लागतात. पपईच्या पानांचा रस, शेळीचं दूध, किवी हे सगळं नेमकं त्याच दिवसांत पोटात जातं आणि श्रेय घेऊन जातं. पपईच्या पानांवर काही छोटे अभ्यास झालेत, त्यांत आकडा थोडा लवकर वाढल्याचं दिसतं. पण त्यानं रक्तस्राव किंवा मृत्यू टळतो असा खात्रीचा पुरावा नाही. डेंग्यूत जीव जातो तो बहुधा केशवाहिन्यांतून रक्तद्रव बाहेर झिरपल्यामुळे. त्याची खूण हिमॅटोक्रिटमध्ये, म्हणजे रक्ताचा किती टक्के भाग तांबड्या पेशींनी व्यापलाय त्या आकड्यात, दिसते : ४० चा ४८ झाला की ती धोक्याची घंटा. ती ओळ त्याच कागदावर असते आणि घरातलं कुणी ती वाचत नाही. प्लेटलेटच्या पिशवीचंही तेच. सिंगापूर आणि मलेशियात डेंग्यूच्या ज्या प्रौढ रुग्णांच्या प्लेटलेट २०,००० किंवा त्याहून कमी होत्या पण मोठा रक्तस्राव होत नव्हता, त्यांच्यावरचा अभ्यास २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. नुसता आकडा बघून दिलेल्या प्लेटलेटनं रक्तस्राव टळला नाही, उलट त्रास वाढला. कुणाच्या तरी दानातून आलेली ती पिशवी पाच दिवस टिकते. रक्ताच्या कर्करोगावर केमोथेरपी घेणाऱ्या मुलाला ती खरोखर हवी असते.

मुलीचं रक्त आम्ही पुन्हा घेतलं, या वेळी निळ्या टोपणाच्या नळीत. तिच्यात सोडियम सायट्रेट असतं, त्याची कॅल्शियमवरची पकड सैल. (काहींच्या बाबतीत या नळीतही गुठळ्या होतात, मग बोटातून थेंब घेऊन तिथल्या तिथे मोजावं लागतं.) सायट्रेट पातळ द्रव असतं, नऊ भाग रक्ताला एक भाग, म्हणून येणाऱ्या आकड्याला १.१ नं गुणतात. नळी लगेच मशीनवर लावली. प्लेटलेट २,१०,०००. गुणून २,३१,०००. पांढऱ्या पेशी गुणून ७,७००.

वडील खुर्चीत मागे टेकले आणि त्यांनी ब्लड बँकेचा नंबर फोनमधून काढून टाकला. मी एका कार्डावर लाल शाईनं लिहून दिलं : 'ईडीटीए नळीत प्लेटलेटच्या गुठळ्या होतात. मोजणी सायट्रेट नळीत, रक्त घेतल्या घेतल्या करावी.' तिला सांगितलं, हे पर्समध्ये ठेव आणि त्याचा फोटोही काढून ठेव. उद्या बाळंतपणाच्या वेळी रात्री दोन वाजता कुणी पुन्हा जांभळ्या नळीत रक्त घेईल, पुन्हा १८,००० येतील, आणि समोरचा डॉक्टर त्या आकड्याला घाबरून पाठीत भुलीचं इंजेक्शन द्यायला नकार देईल. तिनं कार्ड आधार कार्डाच्या मागच्या कप्प्यात सरकवलं.