असाध्य रोगाचे निदान : कथन आणि सामोरे जाणे

रोग बरा होण्याजोगा उरलेला नाही असे वैद्यकाने ठरवल्यावर ते रुग्णाला केव्हा, किती व कोणी सांगावे आणि रुग्ण व त्याचे घर त्याला कसे तोंड देतात, याचा विचार या संकल्पनेत होतो. हा विचार सर्वाधिक झाला तो कर्करोगाच्या संदर्भात. मूत्रपिंड, यकृत वा हृदय निकामी होण्याच्या अखेरच्या अवस्थांनाही तो लागू पडतो, पण त्याविषयीचे लेखन तुटपुंजे आहे.

भारतीय कुटुंबांतील निदान लपवण्याच्या रीतीचे मूळ काही लेखक चरकसंहितेत शोधतात. या आयुर्वेदग्रंथाच्या इंद्रियस्थान या, मरणसूचक चिन्हांविषयीच्या विभागाच्या बाराव्या अध्यायात असे सांगितले आहे, की मरणचिन्हे दिसत असली तरी वैद्याने कोणी न विचारता ती बोलू नयेत, आणि विचारल्यावरही, जेथे रुग्णाला किंवा अन्य कोणाला आघात होईल तेथे सांगू नयेत. संहितेचा काळ निश्चित नाही. तो सामान्यतः इ. स. पू. दुसरे ते इ. स. दुसरे शतक या दरम्यान मानला जातो आणि दृढबल या नंतरच्या संपादकाने केलेला संस्कार (ग्रंथाची भर घालून केलेली नवी आवृत्ती) बहुधा चौथ्या-पाचव्या शतकातला धरतात. दृढबलाने चिकित्सास्थानाचे १७ अध्याय, कल्पस्थान व सिद्धिस्थान पुरे केले. इंद्रियस्थान त्यांत येत नसल्याने हे वचन जुन्या थरातले असावे. तरीही त्यावरून आजच्या रीतीपर्यंत अखंड परंपरा जोडणे धाडसाचे वाटते. एक तर वचनातली पहिली अट ‘न विचारता’ ही आहे आणि ती उद्धृत करताना सहसा गळते. दुसरे म्हणजे लपवणे ही केवळ भारतीय गोष्ट नव्हे : १९६१ मध्ये शिकागोतील एका पाहणीत सुमारे ९० टक्के डॉक्टर कर्करोगाचे निदान रुग्णाला न सांगण्याकडे झुकलेले होते, तर १९७९ च्या अमेरिकी पाहणीत ९७ टक्के सांगण्याच्या बाजूचे निघाले. याच संहितेत असाध्य रोगांचे ‘याप्य’ व ‘अनुपक्रम’ असे भेद केले आहेत. याप्य रोग जात नाही, पण पथ्योपचारांनी आवरून धरता येतो; अनुपक्रम म्हणजे ज्यावर उपचारच चालत नाही तो. आजच्या परिहारक सेवेच्या (रोग बरा होत नसताना त्रास हलका करणाऱ्या शुश्रूषेच्या) कल्पनेला ‘याप्य’ हा शब्द अधिक जवळचा आहे.

रुग्णाच्या मानसिक प्रतिक्रियांसाठी मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या नकार, राग, सौदा, विषण्णता व स्वीकार या पाच अवस्था सर्वपरिचित आहेत. त्या क्रमाने येतात याला पुरेसा आधार मिळालेला नाही. ग्लेझर व स्ट्राउस या समाजशास्त्रज्ञांचे १९६५ मधील ‘परस्पर बतावणी’चे वर्णन, म्हणजे दोन्ही बाजूंना ठाऊक असूनही कोणीच न बोलणे, आपल्याकडील घरांना अधिक लागू पडते.

नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, ‘मेडिकल’ (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय) आणि जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था येथे विदर्भासह मध्य प्रदेश व छत्तीसगडातील रुग्ण येतात. खर्ऱ्याच्या (सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाच्या) सवयीमुळे त्यांत तोंडाचे कर्करोग ठळकपणे दिसतात. मुलगा फाइल घेऊन आधी एकटाच आत जातो आणि ‘बाबांसमोर नाव नका घेऊ जी, जखम आहे म्हणून सांगितलं आहे’ असे विनवतो. बाबा बाहेर बाकावर बसलेले असतात आणि समोरच्या पाटीवर ‘कर्करोग’ हा शब्द मोठ्या अक्षरांत असतो. अशा वेळी रुग्णाला काय ठाऊक आहे आणि किती जाणून घ्यायचे आहे, हे त्यालाच आधी विचारावे, असे निदानकथनाच्या सहा टप्प्यांच्या पद्धतीत (२०००) सुचवले आहे.

निदानकथनानंतर वेदनाशमन न झाल्यास धीराच्या शब्दांना फारसा अर्थ उरत नाही. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यामुळे मॉर्फिन हे अफूपासूनचे तीव्र वेदनाशामक मिळणे दुष्कर झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने ‘अत्यावश्यक अमली औषधे’ हा वर्ग निर्माण करून परवान्यांची प्रक्रिया सोपी केली. साधे मॉर्फिन दर चार तासांनी तोंडावाटे देतात व सोबत सारक औषध देतात, कारण बद्धकोष्ठ जवळजवळ ठरलेलेच असते. नातेवाइकांची ‘नशा लागेल’ ही भीती डॉक्टरांना वारंवार काढावी लागते. तोंडाच्या फुटलेल्या गाठीत पुष्कळदा वेदनेइतकीच दुर्गंधी जाचते, आणि रुग्ण ताट घेऊन घरच्यांपासून दूर बसू लागतो. मेट्रोनिडाझोल या जंतुनाशक औषधाच्या गोळीची पूड जखमेवर भुरभुरल्यास वास कमी होतो.

कृत्रिम जीवनाधार नको असल्यास तसे आगाऊ लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी मान्य केला. जानेवारी २०२३ मध्ये प्रक्रिया सुलभ होऊन, दोन साक्षीदारांसह नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर केलेला लेख पुरेसा ठरला.