मेलेल्या विषाणूंची बेरीज

पेट्री डिशमध्ये जिवाणूंची वाढ झाली की वर दुधाळ साय धरते. त्यात बॅक्टेरियोफाज, म्हणजे जिवाणूंवर जगणारे विषाणू, मिसळलेले असतील तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सायीत टाचणीच्या डोक्याएवढी पारदर्शक भोकं दिसतात. एक भोक म्हणजे तिथे पडलेला एक जिवंत फाज. त्याने एक जिवाणू फोडला, त्यातून निघालेल्या शे-दीडशे पिल्लांनी शेजारचे फोडले, आणि असं करत करत डोळ्यांना दिसेल एवढी जागा साफ झाली. भोकं मोजली की विषाणू मोजले! सूक्ष्मदर्शकाचीही गरज नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्ष-दोन वर्षांत साल्वादोर लुरियाला ही मोजणीच जुळेना. लुरिया मूळचा इटलीतल्या तुरिनचा ज्यू डॉक्टर. मुसोलिनीच्या वंशभेदी कायद्यांमुळे देश सोडून अमेरिकेत आलेला आणि इंडियाना विद्यापीठात स्थिरावलेला. तो फाजांवर अतिनील किरण सोडून त्यातले किती मरतात ते मोजत होता. एका जिवाणूच्या वाट्याला जेमतेम एक फाज येईल इतकं पातळ मिश्रण घेतलं, तर भोकं अगदी मोजकी पडत, म्हणजे बहुतेक फाज मेलेले. पण तेच मेलेले फाज दाट घेतले, एकेका जिवाणूत दोन-तीन शिरतील असे, की भोकांची संख्या हिशेबाबाहेर वाढे. एकेकटे मेलेले, दोघं-तिघं मिळून जिवंत. १९४७ साली त्याने हे प्रसिद्ध केलं.

अतिनील किरणांनी नेमकं काय बिघडतं हे तेव्हा ठाऊक नव्हतं. डीएनएची दुहेरी मळसूत्री रचनाच १९५३ची. (ती मांडणाऱ्या दोघांपैकी जेम्स वॉटसन हा लुरियाचाच पीएचडीचा विद्यार्थी, आणि त्याचा प्रबंध क्ष-किरणांनी मारलेल्या फाजांवर होता.) आज आपल्याला माहीत आहे की २५४ नॅनोमीटरच्या आसपासचे किरण डीएनए शोषून घेतो आणि एकाच धाग्यावर शेजारी शेजारी बसलेली दोन थायमिनं (डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक) एकमेकांना चिकटतात. बॅगेच्या चेनचे दोन दात असे चिकटले तर चेन तिथेच अडकेल. डीएनएची नक्कल करणारं एन्झाइम या जोडगोळीपाशी येऊन तसंच अडकतं. नक्कल नाही, म्हणजे पिल्लं नाहीत, म्हणजे भोक नाही.

घरच्या पाण्याच्या फिल्टरमधली यूव्ही नळी साधारण याच तरंगलांबीची असते. फाज असे जिवंत होत असतील तर फिल्टरचं काय, ही शंका रास्त आहे. पण फाजाचं पुनरुज्जीवन जिवंत जिवाणूच्या आतच होऊ शकतं, आणि फिल्टरमधून जाताना जिवाणूही त्याच किरणांत भाजून निघतो.

पुन्हा लुरियाकडे. त्याचा तर्क असा: फाजाचा वारसा सुट्या तुकड्यांचा असणार. एका फाजाचा एक तुकडा बिघडला, दुसऱ्याचा दुसराच, तर दोघांचे चांगले तुकडे जमवून अख्खा फाज उभा राहील. दोन फाटक्या पोथ्यांतली शाबूत पानं काढून एक पोथी बांधावी तसं. कल्पना देखणी होती, तपशिलात चुकली. तुरिनमधला त्याचा सहाध्यायी रेनातो डुल्बेको १९४७ मध्ये ब्लूमिंग्टनला त्याच्याच प्रयोगशाळेत आला, आणि १९५२ मध्ये त्यानेच दाखवलं की किरणांची मात्रा वाढवली की हे गणित फसतं. फाजाचा डीएनए सुट्या पानांचा नसतो, सलग असतो. देवाणघेवाण होते ती त्या सलग धाग्यांमध्ये. तरीही लुरियाच्या तर्काचा गाभा टिकला, आणि माझ्या मते चुकीच्या सिद्धांताने एवढं काम करून घेतल्याची उदाहरणं विज्ञानात फार नसतील.

या खटपटीत डुल्बेकोच्या हाती आणखी एक गोष्ट लागली, तीही अपघाताने. किरणांनी मारलेले फाज आणि जिवाणू असलेल्या काही डिश टेबलावर ट्यूबलाइटच्या उजेडात काही तास तशाच राहिल्या. नंतर पाहतो तर अंधारात वाढवलेल्या डिशपेक्षा यांच्यावर भोकं जास्त! साधा उजेड अतिनील किरणांचं नुकसान भरून काढत होता. त्याच सुमारास अल्बर्ट केल्नरला अमेरिकेतल्या कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेत हाच परिणाम एका मातीतल्या जिवाणूच्या बीजाणूंवर दिसला होता. डुल्बेकोच्या प्रयोगातली खोच अशी की सुटा फाज कितीही उजेडात ठेवा, काही होत नाही. तो जिवाणूत शिरलेला हवा. कारण दुरुस्ती करणारं एन्झाइम, फोटोलायेज, जिवाणूचं असतं. ते निळा उजेड शोषून त्या ऊर्जेवर चिकटलेली जोडगोळी सोडवतं. माणसात हे एन्झाइम नाही. आपल्याला उन्हाने बिघडलेला डीएनए कापून काढावा लागतो.

सगळे फाज मात्र यजमानाच्या उपकारावर अवलंबून नसतात. टी२ आणि टी४ हे ई. कोलाय या जिवाणूवर जगणारे सख्खे भाऊ म्हणावेत असे फाज, पण अतिनील किरणांपुढे टी४ हा टी२च्या जवळपास दुप्पट तग धरतो. फरक एका जनुकाचा आहे. टी४ आपलं स्वतःचं एन्झाइम बनवतो, जेमतेम १३८ अमिनो आम्लांचं. ते जोडगोळी ओळखून तिथेच धागा कापतं. मग खराब तुकडा काढायचा आणि समोरच्या धाग्यावर बघून नवा विणायचा.

पण टी४ची खरी करामत पुढे आहे. त्याच्याजवळ सुमारे १,६९,००० अक्षरांचा डीएनए आणि जवळपास ३०० जनुकं. जिवाणूत शिरला की २५-३० मिनिटांत काम संपवून बाहेर. सुरुवातीच्या नकला डीएनएवरच्या ठरावीक जागांपासून सुरू होतात. मग तो पद्धत बदलतो. एका डीएनएचं मोकळं टोक दुसऱ्या डीएनएच्या जुळणाऱ्या भागात घुसतं, तिथल्या धाग्याला बिलगतं आणि तिथूनच नवी नक्कल धावू लागते. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या गिसेला मोसिग यांनी हे चित्र उभं केलं. आता दोन जखमी फाज एकाच जिवाणूत आहेत असं समजा. एकाची नक्कल जोडगोळीपाशी अडकली, टोक लोंबकळत राहिलं. ते टोक दुसऱ्या फाजाच्या त्याच भागात शिरतं, तिथे जखम नसते, नक्कल पुढे सरकते. म्हणजे लुरियाने पाहिलेलं पुनरुज्जीवन हे संकटकाळासाठी राखून ठेवलेलं खास हत्यार नव्हे. टी४ रोज ज्या रीतीने वाढतो, तीच रीत जखमींनाही तारून नेते.

लॅम्डा नावाच्या फाजाची तऱ्हा निराळी. १९५३ मध्ये जाँ वाइगल यांना दिसलं की मारलेला लॅम्डा साध्या जिवाणूपेक्षा थोडे अतिनील किरण खाल्लेल्या जिवाणूत जास्त संख्येने जगतो. घायाळ जिवाणू आपली सगळी दुरुस्तीची फौज बाहेर काढतो, आणि फाज तिचा आयता फायदा घेतो. फुकट मात्र नाही. त्या फौजेत जोडगोळीसमोर अंदाजाने अक्षर टाकून पुढे जाणारं एक बेफिकीर एन्झाइमही असतं, त्यामुळे वाचलेल्या लॅम्डांमध्ये उत्परिवर्तनं भरपूर सापडतात.

टी४मध्ये ते मोकळं टोक दुसऱ्या डीएनएत घुसवणाऱ्या प्रथिनाचं नाव यूव्हीएस-एक्स. त्याचं जनुक बिघडलं की फाज अतिनील किरणांपुढे हळवा होतो, म्हणून हे नाव. आज हेच प्रथिन रोगनिदानाच्या किटमध्ये कोरड्या भुकटीच्या रूपात मिळतं. पीसीआरला, म्हणजे डीएनएच्या असंख्य नकला काढणाऱ्या नेहमीच्या चाचणीला, डीएनएचे धागे उकलायला नव्वदीच्या पुढचं तापमान आणि त्यासाठी यंत्र लागतं. यूव्हीएस-एक्स तेच काम ४० अंशांच्या आसपास करतं, वीसेक मिनिटांत. काही वेळा तर नळी मुठीत धरून ठेवली तरी भागतं.