पूर्व रेल्वेचा राइट आउट

भुसावळच्या रेल्वे वसाहतीत फुटबॉल खेळणाऱ्या पोराच्या घरी हिशोब एकच असतो. खेळ बरा झाला तर खेळाडूंच्या कोट्यातून रेल्वेत लागेल. आयएसएल (इंडियन सुपर लीग) आणि युरोपातले क्लब मोबाइलवर बघायला ठीक आहेत. जेवताना बोलणं होतं ते क्वार्टर, पास आणि बदलीचं. बाहेरच्यांना हा हिशोब कोता वाटतो. पण भारताचा बहुधा सर्वांत मोठा विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने खेळणारा आक्रमक, याच हिशोबावर खेळला, आणि तोही साधासुधा नाही, तीन एशियाड आणि दोन ऑलिम्पिक खेळला.

प्रदीपकुमार बॅनर्जी, म्हणजे पीके. जन्म २३ जून १९३६चा, जलपायगुडीकडचा. वाढले जमशेदपुरात, संतोष ट्रॉफी, म्हणजे राज्यांच्या संघांची राष्ट्रीय स्पर्धा, पहिल्यांदा खेळले बिहारकडून. १९५४ साली कलकत्त्याला आर्यन क्लबात आले आणि पुढच्याच वर्षी ईस्टर्न रेल्वेत गेले. त्यानंतर १९६७मध्ये बूट टांगेपर्यंत क्लब बदलला नाही.

हे वाक्य आज साधं वाटतं. त्या काळच्या कलकत्त्यात ते जवळजवळ वेडेपणाचं होतं. मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहमेडन स्पोर्टिंग या तिघांपैकी एकाची जर्सी अंगावर नसेल, तर खेळाडू पुरता मोठा झाला असं तिथले लोक मानत नसत. पीकेंना मोठ्या क्लबांची बोलावणी आली नाहीत असंही नाही. पण फुटबॉलपटू कागदोपत्री हौशी होता. क्लबाकडून हातात पडेल ती रक्कम खरी, पण तिला पावती नव्हती आणि पुढच्या मोसमाची हमीही नव्हती. हमी होती ती नोकरीची. रेल्वे, टाटा, बंदरं, तेल कंपन्या, गिरण्या यांचे संघ त्यामुळेच उभे राहिले. मुंबईच्या हारवूड लीगमध्येही कितीतरी वर्षं अशाच संघांचा बोलबाला होता. पीकेंच्या घरी भावंडं पुष्कळ. धाकटा भाऊ प्रसून पुढे स्वतः भारताचा कर्णधार झाला. अशा घरातल्या कर्त्या मुलाने महिन्याचा पगार का धरून ठेवला, हे भुसावळकराला समजावून सांगावं लागत नाही. त्यांच्या या निर्णयाला नंतर निष्ठेचं सोनेरी वेष्टण चढलं. मला त्यात निष्ठेइतकाच घरखर्च दिसतो, आणि त्याने त्यांची किंमत काही कमी होत नाही.

रेल्वे आणि विंगर हे नातं पीकेंच्याही आधीचं. १९३०च्या दशकात कलकत्त्याला ‘जादूगार’ म्हणून गाजलेला लेफ्ट आउट सय्यद अब्दुस समद हाही रेल्वेवालाच, ईस्टर्न बंगाल रेल्वेचा.

आता जागेबद्दल. जुन्या रचनेत पुढे पाच जण असत: राइट आउट, राइट इन, सेंटर फॉरवर्ड, लेफ्ट इन, लेफ्ट आउट. रेल्वेतली जुनी मंडळी अजून हेच शब्द वापरतात. राइट आउटचं काम ऐकायला सोपं आहे. कडेची रेघ धरून पळायचं, बॅकला मागे टाकायचं आणि गोलपोस्टसमोर चेंडू टाकायचा. आपल्याकडच्या मैदानावर एप्रिलमध्ये हे करून बघावं. काळ्या मातीला भेगा पडलेल्या असतात, फक्कीची रेघ वाऱ्याने निम्मी उडालेली असते आणि चेंडू कुठल्या ढेकळावर आपटून कुठे वळेल ते खुद्द ढेकळालाच ठाऊक. त्यामुळे आपल्याकडचा राइट आउट वेगापेक्षा पहिल्या स्पर्शावर जगतो. चेंडू पायाशी राहिला तर पुढचं सगळं. कलकत्त्याचा पावसाळी चिखल याच्या अगदी उलट. पण तिथेही चेंडू मारायला सवड मिळते ती क्षणभरच. पीके त्या क्षणाचे मालक होते. नुसता क्रॉस टाकून ते थांबत नसत. आत वळून उजव्या पायाने सरळ गोलवर मारत. कडेला खेळणाऱ्याच्या नावावर इतके गोल लागले ते यामुळे.

१९५८ साली ईस्टर्न रेल्वेने कलकत्ता लीग जिंकली. त्या तीन बड्यांना बाजूला सारून ही लीग पुन्हा दुसऱ्या कुणी जिंकायला २०१९ उजाडलं, तेव्हा पीयरलेस विजेते झाले. मधल्या एकसष्ट वर्षांत कुणाला ते जमलं नाही, यावरून त्या रेल्वे संघाचं वजन कळावं. साठच्या दशकात सबंध भारतीय रेल्वेच्या संघाने संतोष ट्रॉफीही तीनदा नेली.

देशासाठी त्यांची सुरुवात १९५५मध्ये ढाक्यातल्या चौरंगी स्पर्धेत झाली. पुढच्या वर्षी मेलबर्न ऑलिम्पिक. तिथे मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅट्ट्रिक केली, भारत ४-२ने जिंकला आणि शेवटी चौथा आला. १९६०च्या रोम ऑलिम्पिकला पीके कर्णधार होते. हंगेरीकडून १-२ हार, पेरूकडून १-३, पण फ्रान्सशी १-१ बरोबरी, आणि त्यातला भारताचा गोल पीकेंचा. याच फ्रान्सने १९४८ला लंडनमध्ये आपल्या बहुतांशी अनवाणी खेळणाऱ्या संघाला २-१ने हरवलं होतं. १९६१मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला, तेव्हा फुटबॉलमधला पहिला मान त्यांनाच मिळाला.

खरी कहाणी १९६२च्या जकार्ता एशियाडची. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने ०-२ने लोळवलं. मग थायलंड ४-१, जपान २-०, उपांत्य फेरीत दक्षिण व्हिएतनाम ३-२. बचावपटू जर्नैल सिंगचं डोकं थायलंडविरुद्ध फुटलं होतं, टाके पडले होते. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्याला बाहेर न ठेवता सेंटर फॉरवर्डला उभं केलं. त्यात यजमानांनी इस्रायल आणि तैवानला व्हिसा नाकारला होता आणि भारताचे क्रीडा संघटक गुरुदत्त सोंधी यांनी त्यावर जाहीर हरकत घेतली होती. त्यामुळे जकार्ता भारतीयांवर खवळलेली. ४ सप्टेंबरला अंतिम सामना, समोर पुन्हा कोरिया, आणि खच्चून भरलेलं स्टेडियम आपल्या विरोधात. पहिला गोल पीकेंनी केला, लगेच दुसरा जर्नैलने, आणि कोरियाने एक फेडूनही २-१ टिकलं. चुनी गोस्वामी कर्णधार, तुलसीदास बलराम जोडीला. एशियाडमधलं फुटबॉलचं सुवर्ण त्यानंतर भारताला मिळालेलं नाही. रहीम पुढच्याच वर्षी कर्करोगाने गेले.

गंमत पुढे आहे. ज्या दोन क्लबांसाठी पीके कधी खेळले नाहीत, त्या दोघांचेही ते प्रशिक्षक झाले आणि दोघांनाही त्यांनी भरभरून दिलं. १९७५च्या आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात त्यांच्या ईस्ट बंगालने मोहन बागानला ५-० धुतलं. दोनच वर्षांनी ते मोहन बागानच्या बाकावर होते. ईडन गार्डनवर पेलेच्या न्यूयॉर्क कॉसमॉस क्लबशी २-२ बरोबरी झाली आणि त्याच मोसमात शील्ड, ड्युरंड आणि मुंबईचा रोव्हर्स कप असे तिन्ही चषक आले. सामन्याआधीचं त्यांचं बोलणं ‘व्होकल टॉनिक’ म्हणून गाजलं. २० मार्च २०२०ला ते गेले.

आजचा विंगर वेगळ्या जगात आहे. मिझोरामचा लालियानझुआला छांगते मुंबई सिटीकडून खेळत नावारूपाला आला. २०२३च्या सॅफ (दक्षिण आशियाई) स्पर्धेच्या अंतिम सामन्यात कुवेतविरुद्ध बरोबरीचा गोल त्याचा, आणि मग टायब्रेकरवर भारत जिंकला. त्याच्या पिढीचा पगार क्लब देतो, करार दोन-तीन वर्षांचा असतो, आणि गुडघा गेला तर पुढचं आपलं आपण बघायचं असतं. १९९६मध्ये राष्ट्रीय लीग सुरू झाल्यावर आणि २०१४मध्ये आयएसएल आल्यावर खात्यांचे संघ हळूहळू मागे पडले. रेल्वेतली खेळाडूंची भरती मात्र चालू आहे. जाहिरात निघाली की भुसावळात ती आधी बापाच्या व्हॉट्सअॅपवर येते, पोराच्या नाही.